निरंक

रजिस्टर कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात होतं, एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटांखाली. लांबट, कापडी पाठीचं, वर तांबड्या शाईत 'घटना नोंदवही'. आत पाच रकाने आखलेले: दिनांक, घटनेचे स्वरूप, जबाबदार व्यक्ती, केलेली कार्यवाही, सही. जानेवारी, निरंक. फेब्रुवारी, निरंक. मार्च, निरंक. एप्रिलपासून लिहिणाऱ्याला कंटाळा आला असावा, कारण तिथून डिसेंबरपर्यंत पट्टीनं एक सरळ बाण ओढला होता आणि बाणाच्या टोकाशी सही होती.

तालुक्याच्या गावातलं रुग्णालय. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, दोन टेक्निशियन, दिवसाला शंभर-सव्वाशे नमुने. रक्त, लघवी, थुंकी. खिडकीत थुंकीच्या डब्यांची रांग, टेबलाखाली पिवळी नि लाल पिशवी, कोपऱ्यात वाफेनं जंतू मारणारा उभा ऑटोक्लेव्ह.

"ताई, वर्षभरात एकदाही कुणाला सुई टोचली नाही?" मी तिथल्या टेक्निशियन बाईंना विचारलं.

"टोचते ना सर. मागच्या महिन्यात मलाच टोचली. धुतलं, पेशंटचे रिपोर्ट बघितले, झालं."

"मग इथं निरंक कसं?"

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. जबाबदार व्यक्ती. "इथं काय लिहायचं? माझंच नाव?"

निरंक हा आपल्या सरकारी मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. वरून पत्र आलं की खालून माहिती जाते, आणि द्यायला काही नसलं की 'निरंक' जातं. शब्दाचा अर्थ एवढाच की आकडा नाही. आता काही घडलं नाही म्हणून आकडा नाही, की घडलं पण कुणी लिहिलं नाही म्हणून नाही, हे त्या शब्दाला विचारून कळत नाही. प्रयोगशाळांच्या जैवसुरक्षेचं मोजमाप हा विषय घेऊन मी काही महिने वाचत, फिरत होतो. त्यात जे हाती लागलं ते बरंचसं याच शब्दाच्या आसपासचं आहे.

जंतूंवर काम करणारी माणसं त्याच जंतूंनी आजारी पडतात, ही गोष्ट जंतुशास्त्राइतकीच जुनी. पण नेमकी किती पडतात, हे बरीच वर्षं कुणी मोजलं नव्हतं. अमेरिकेत सल्किन आणि पाइक या दोघांनी सुमारे ५,००० प्रयोगशाळांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि १९५१ साली निष्कर्ष छापले. त्यांना १,३४२ लागणी सापडल्या. त्यांतल्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची नोंद आधी कुठं प्रसिद्ध झाली होती, बाकीच्या त्या त्या खोलीतच राहिल्या होत्या. पाइक पुढंही मोजत राहिले. १९७६पर्यंत त्यांचा आकडा ३,९२१वर गेला होता. मला मात्र त्या यादीतला दुसराच आकडा जास्त बोलका वाटतो. एवढ्या लागणींपैकी 'अमुक दिवशी नळी फुटली, तमुकला सुई लागली' असं ठोस कारण सांगता आलं ते शंभरात अठरा वेळा. उरलेल्या ब्याऐंशी वेळा माणूस आजारी पडला, पण घटना अशी काही घडलीच नव्हती.

याचं कारण हवेत आहे. सेंट्रिफ्यूज फिरून थांबलं की लगेच झाकण उघडणं, पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढणं, जंतू लागलेली तार ज्योतीत धरल्यावर तिचं तडतडणं, थुंकीच्या डबीचं झाकण झटक्यानं फिरवणं, यांतल्या प्रत्येक वेळी डोळ्याला न दिसणारे बारीक थेंब उडतात. ते खाली बसत नाहीत, तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जातात. काम करणाऱ्याला काही झाल्याचं कळतही नाही. ताप पंधरा दिवसांनी येतो, क्षयाच्या बाबतीत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. तो कुठल्या तारखेसमोर लिहायचा? म्हणजे ताईंनी अगदी इमानेइतबारे रजिस्टर भरलं असतं, तरी धोक्याचा मोठा भाग त्याच्या बाहेरच राहिला असता.

त्या तिसऱ्या, 'जबाबदार व्यक्ती'च्या रकान्याची जुनी हकिगत मुंबईच्या परळची आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांत त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, जिथं आज हाफकिन संस्था आहे. लस बाटल्यांतून देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. एकोणिसांच्या एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३-एन.

चौकशी बसली. परळला बाटली भरतानाच ती दूषित झाली, असा ठपका आला. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक अॅसिड वगळून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे त्यांच्या विरोधात गेलं आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढं कागद पुन्हा तपासले गेले तेव्हा वेगळंच दिसलं. मुल्कोवालमध्ये बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता नुसता जंतुनाशकात बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू तेवढ्यानं मरत नाहीत. लंडनच्या लिस्टर संस्थेनं बाटली उघडताना दूषित झाली असण्याकडे बोट दाखवलं, रोनाल्ड रॉस यांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि १९०७ साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते भारतात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला.

ही गोष्ट आपण सहसा निर्दोष शास्त्रज्ञावरच्या अन्यायाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण पाच वर्षं सगळी शक्ती खर्च झाली ती दोष हाफकिनचा की त्या मदतनिसाचा, हे ठरवण्यात. लसीकरणाच्या मांडवात धुळीत चिमटे दिवसातून किती वेळा पडत असतील, पडला तर उचलायला दुसरा निर्जंतुक चिमटा ठेवलेला होता का, याआधी कितीदा असाच पडला आणि नशिबानं काही झालं नाही, हे त्या गदारोळात मागे पडलं. चिमटा पडणारच. माणसाच्या हातातून वस्तू पडतात.

दुसरं प्रकरण इंग्लंडचं आहे, आणि ते मला फार आवडतं, कारण ते गटाराचं आहे. सरे परगण्यातल्या पिरब्राइटला जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. २००७ साली त्याच आवारात मेरिअल या कंपनीचा लसकारखानाही होता. दोघांकडे लाळ्या-खुरकूतचे जिवंत विषाणू होते. संस्थेकडे थोडे, कारखान्याकडे लस बनवायला हजारो लिटर. इमारतीत शिरताना कपडे बदला, निघताना आंघोळ करा, हवा गाळणीतूनच बाहेर जाऊ द्या, असा चोख बंदोबस्त. ३ ऑगस्टला काही मैलांवरच्या नॉर्मंडी गावाजवळ एका शेतकऱ्याच्या गुरांना लाळ्या-खुरकूत झाल्याचं निश्चित झालं. विषाणूचा वाण तपासला तर तो १९६७च्या साथीतला निघाला, म्हणजे बाहेर कुठं न फिरणारा, फक्त प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत जपलेला.

तपास करणाऱ्यांनी दारं पाहिली, गाळण्या पाहिल्या, माणसांच्या नोंदी पाहिल्या. शेवटी ते जमिनीखाली उतरले. दोन्ही इमारतींचं सांडपाणी एकाच जुन्या ड्रेनेजमधून आवारातल्या शेवटच्या टाकीकडे जायचं आणि तिथं कॉस्टिक सोड्यानं विषाणू मारले जायचे. म्हणजे टाकीपर्यंतच्या नळांतून जिवंत विषाणू वाहण्याची शक्यता होती. ते नळ तडकलेले होते, त्यांत झाडांची मुळं शिरलेली होती, चेंबरची झाकणं नीट बसत नव्हती. त्या जुलैत इंग्लंडात पूर आणणारा पाऊस झाला. आवारात बांधकाम चालू होतं. चेंबरमधून वर आलेलं पाणी मातीत मुरलं, मालमोटारींच्या चाकांना तो चिखल लागला आणि रस्त्यानं शेतापर्यंत गेला, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्या वर्षी एकूण आठ ठिकाणी रोग सापडला.

नळ गळतात हे ठाऊक नव्हतं असंही नाही. दुरुस्ती कुणाच्या पैशानं करायची, यावर संस्था, कंपनी आणि सरकारी खातं यांच्यात बोलणी चालू होती. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीत वरच्या मजल्याची मोरी खालच्याच्या छतातून ठिबकते तेव्हा जे चालतं तेच. शिवाय परवाना देणारं आणि तपासणी करणारं जे सरकारी खातं, तेच पिरब्राइटच्या कामाचं मोठं गिऱ्हाईकही होतं. नंतर तपासणीचं काम त्याच्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे दिलं गेलं. हवेच्या दाबाचे आकडे रोज लिहिले जात होते. गटाराचा आकडा कुणाच्याच वहीत नव्हता.

असं साधनसंपन्न देशांतल्या नावाजलेल्या ठिकाणीही होतं, आणि याचं सगळ्यात उघडं वर्ष २०१४. अटलांटाच्या सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं नाव जगभरच्या प्रयोगशाळा आदरानं घेतात. त्या जूनमध्ये तिथल्या एका प्रयोगशाळेनं अँथ्रॅक्सचे जंतू मारून दुसऱ्या, कमी बंदोबस्ताच्या खोल्यांत पाठवले. मेल्याची खातरी म्हणून एक बशी चोवीस तास पाहिली, काही उगवलं नाही. तीच बशी उबवणपेटीत राहून गेली आणि आठवड्यानं पाहिली तर तीवर जंतू वाढलेले. सत्तर-ऐंशी कर्मचाऱ्यांवर खबरदारीचे उपचार करावे लागले, सुदैवानं कुणी आजारी पडलं नाही. चौकशी चालू असतानाच दुसरं प्रकरण वर आलं. साध्या बर्ड फ्लूच्या नमुन्यात घातक एच५एन१ मिसळून तो कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत गेला होता, तिथल्या कोंबड्या मेल्या होत्या. कृषी खात्यानं मे महिन्यात कळवलं, पण सीडीसीच्या वरिष्ठांपर्यंत बातमी पोचायला साधारण सहा आठवडे लागले. १ जुलैला अमेरिकेतल्याच बेथेस्डाच्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या शीतखोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात देवीच्या विषाणूच्या सहा कुप्या सापडल्या, १९५४च्या. तपासल्यावर त्यांतल्या दोन कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला. देवी हटल्यानंतर हा विषाणू जगात फक्त दोन ठिकाणी, अटलांटा आणि रशियातल्या कोल्त्सोवो इथं ठेवायचा ठरलं होतं. बाकीच्यांनी जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं होतं, आमच्याकडे नाही. निरंक!

२०१४च्या या तीन घटनांतून मोजण्याजोगं काय निघतं ते पाहण्यासारखं आहे. पहिलीतून, जंतू मारायची पद्धत खरंच मारते का, हे किती तास आणि किती नमुन्यांवर तपासलं. दुसरीतून, चूक लक्षात आल्यापासून ती साहेबाच्या टेबलावर पोचायला किती दिवस लागले. तिसरीतून, फ्रिज उघडून आतली प्रत्येक कुपी यादीशी शेवटची कधी ताडून पाहिली. तिन्ही आकडे कुणी आजारी पडायच्या आधी हाती येतात. म्हणून ते कामाचे. अपघातांची संख्या हे शवविच्छेदन आहे, हे आकडे म्हणजे नाडी.

प्रयोगशाळांतल्या जैविक धोक्यांच्या व्यवस्थापनाचं 'आयएसओ ३५००१' हे २०१९चं आंतरराष्ट्रीय मानक याच वाटेनं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची जैवसुरक्षेची पुस्तिका १९८३ साली पहिल्यांदा निघाली. २०२०च्या चौथ्या आवृत्तीनं 'हा जंतू या गटातला, म्हणून प्रयोगशाळा या पातळीची' हा ठरावीक हिशेब सोडला आणि आधी विचारलं की तुम्ही त्या जंतूचं नेमकं करता काय. थुंकीची काच रंगवणं वेगळं आणि त्याच थुंकीतले जंतू बाटलीत वाढवणं वेगळं. धोका जंतूच्या नावात कमी आणि हातातल्या कामात जास्त असतो, हे कुठल्याही जुन्या टेक्निशियनला माहीत होतंच. पुस्तकात यायला वेळ लागला.

पण आकडा मागितला की आकड्याचंही नाटक सुरू होतं. मंत्री येणार म्हटल्यावर रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागतो, तसं तपासणी पथक येणार म्हटल्यावर एसओपीच्या, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतींच्या नव्या प्रती निघतात, प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर मागच्या तारखांच्या सह्या होतात. 'शंभर टक्के कर्मचारी प्रशिक्षित' या आकड्यावर माझा विश्वास नाही. प्रशिक्षित म्हणजे सभागृहात बसले होते. सांडलेल्या रक्तावर आधी काय टाकायचं, हायपो, म्हणजे हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण, किती वेळ ठेवायचं, सकाळी केलेलं हायपो संध्याकाळी चालतं की नाही, हे टेबलाशी जाऊन विचारा आणि दहापैकी किती जण बरोबर सांगतात ते लिहा. हा आकडा पन्नास आला तरी तो खरा असेल. चीनमधल्या लांचौच्या लसकारखान्यात २०१९च्या उन्हाळ्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. ब्रुसेलाचे जंतू धुराड्याच्या हवेबरोबर बाहेर पडले आणि दहा हजारांहून जास्त लोकांना लागण झाली. जंतुनाशकाच्या पिंपावरची तारीख वाचायला कुठलं मानक लागतं?

आपल्याकडे जैवसुरक्षा म्हटलं की डोळ्यांपुढं पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था येते. १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ती सुरू झाली. पाच वर्षांत शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला आणि तो विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ओळखला. त्याची किंमतही प्रयोगशाळेनं मोजली. या विषाणूवर काम करणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांना त्याची लागण झाली, जंगलात न जाता, गोचीड न चावता. २०१२च्या अखेरीस पाषाणला चौथ्या पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली ती या इतिहासावर. २०१८ साली कोळिकोडला निपाह आला तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब पुण्यातून झालं.

अशा ठिकाणी दाब, गाळण्या, हवेचा पोशाख, सगळं मोजलं जातं, आणि ते तसंच हवं. मला चिंता वाटते ती पाषाणपेक्षा त्या दोन खोल्यांची. निपाहचा किंवा क्रिमियन काँगो तापाचा पहिला रुग्ण पाषाणला जात नाही. तो आधी तालुक्याच्या रुग्णालयात येतो, आणि त्याचं रक्त 'साधा ताप' म्हणून अशाच एखाद्या टेबलावर उघडलं जातं. क्षयाचे नमुने तर तिथं रोजचे. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र आता बऱ्याच ठिकाणी पोचलंय. त्यानं काचा रंगवण्याचं काम कमी केलं, पण थुंकीची डबी अजून हातानंच उघडावी लागते. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम सांगतात की प्रयोगशाळेचा कचरा तिथंच निर्जंतुक करून मगच पिशवीत घाला आणि प्रक्रिया न केलेला संसर्गजन्य कचरा ४८ तासांपलीकडे ठेवू नका. कचऱ्याची गाडी किती वेळा ४८ तासांत येते? हा आकडाही मला कुठल्या भिंतीवर दिसला नाही.

चुकीपुढं स्वतःचं नाव लिहिण्याच्या भीतीचा प्रश्न विमानवाल्यांनी वेगळ्या बाजूनं सोडवला. अमेरिकेत १९७६पासून वैमानिक आपली थोडक्यात टळलेली चूक दंड करणाऱ्या खात्याला न कळवता तिसऱ्याच संस्थेला, नासाला, कळवतात. नाव काढून टाकलं जातं आणि हेतुपुरस्सर केलेली चूक नसेल तर वेळेत कळवणाऱ्याला शिक्षेतून सूट मिळते. अशा पत्रांचा ढीग वाढला की तिथं कुणी घाबरत नाही, उलट आटला की शंका घेतात. कॅनडानं २०१५च्या अखेरीपासून प्रयोगशाळांतल्या लागणी आणि संसर्गाच्या घटना कळवणं सक्तीचं केलं, आणि त्यांचा हिशेब दरवर्षी छापला जातो. आपल्याकडे अशी एकत्र मोजदाद मला सापडली नाही. त्यामुळं आपण सुरक्षित आहोत की नुसते गप्प, यावर पैज लावायची असेल तर मी दुसऱ्या बाजूला लावेन.

निघताना मी ताईंना कोपऱ्यातल्या ऑटोक्लेव्हबद्दल विचारलं होतं. पूर्ण वाफेत १२१ अंश, पंधरा पौंड दाब, अर्धा तास, हे त्यांना तोंडपाठ. खातरी कशी करता? त्यांनी पिशवीला लावलेली चिकटपट्टी दाखवली, तिच्यावर काळ्या रेघा उमटल्या होत्या. या रेघांनी एवढंच कळतं की पिशवी तापली. आतले बीजाणू मेले की नाही, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी जिओबॅसिलस नावाच्या चिवट जंतूच्या बीजाणूंची छोटी कुपी मिळते. ती कचऱ्याच्या मधोमध ठेवून ऑटोक्लेव्ह चालवायचा आणि नंतर उबवायची. द्रव जांभळाच राहिला तर मेले, पिवळा झाला तर जिवंत. माझ्या ओळखीच्या एका सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी दोन कुप्या दिल्या, एक ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायला आणि एक तुलनेसाठी बाहेर. उबवायचं कामही त्यांनीच आपल्या कॉलेजात केलं.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला.

"सर, बाईंनी कळवलं. दोन्ही पिवळ्या."

म्हणजे बाहेर ठेवलेली व्हायला हवी होती तशी, आणि आतली व्हायला नको होती तशी. मेकॅनिक आला तेव्हा कळलं की दाराचं रबर कडक होऊन चिरलं होतं. काटा दाब दाखवायचा, पण वाफ कडेनं निसटत होती. किती महिन्यांपासून, हे सांगायला काही साधन नव्हतं. नवं रबर बसवलं, पुन्हा कुपी ठेवली, या वेळी जांभळी राहिली.

"वहीत लिहिलंत?"

"लिहिलं. तारीख, स्वरूप, कार्यवाही, सगळं."

"आणि तिसरा रकाना?"

"'रबर' असं लिहिलं."

मी हसलो. "साहेबांनी सही केली?"

"केली की. इतकी वर्षं बाणावर करतायत ना, बघितलं नाही त्यांनी."